शंभर किलो तुरीचा हिशेब

नाना आपल्याच शाळेचे विद्यार्थी आणि पुढे बरीच वर्षे शाळा समितीचे सभासद. नागपूरच्या इतवारीत दुकान, कळमन्याकडे डाळ मिल आणि महाल भागात घर, एवढ्यात त्यांचे सगळे आयुष्य गेले. स्मरणिकेत नाव छापू नये असे घरच्यांनी सांगितले आहे. तसेही बाजारात आणि शाळेत त्यांना नावाने कोणी हाक मारत नव्हते. दानशूर, कर्मयोगी वगैरे विशेषणे शोकसभेत वापरून झाली आहेत. त्यांनी मिल कशी चालवली आणि ती चालवताना घर कसे सांभाळले, एवढेच इथे लिहितो.

दहावीच्या वर्गाला शेकडेवारीचा धडा सुरू झाला की नाना वर्षातून एक तास घ्यायला येत. फळ्यावर गणित एकच. तुरीत १४ टक्के ओलावा आहे. वाळवून तो १० टक्क्यांवर आणला, तर १०० किलोचे किती किलो उरतील? जवळजवळ सगळा वर्ग ९६ म्हणायचा. मग ते मांडून दाखवत: १४ किलो पाणी वगळता कोरडा माल ८६ किलो, हा ८६ आता एकूण वजनाच्या ९० टक्के आहे, म्हणून ८६ भागिले ०.९०, म्हणजे ९५.६ किलो. ४ ऐवजी ४.४ किलो गेले. या ४०० ग्रॅमचे काय एवढे, असे कोणी विचारले तर ते दिवसाला १०० क्विंटलची मिल धरून गुणाकार करायला लावत. ४० किलो तूर, रोज.

खरेदीतही त्यांचे लक्ष आधी ओलाव्यावरच असे. डिसेंबर संपता संपता विदर्भातली नवी तूर कळमन्याच्या बाजारात येऊ लागते आणि पहिल्या आठवड्यांतला माल हमखास ओला असतो. सरकारी खरेदीत १२ टक्क्यांची मर्यादा असते, खुल्या लिलावात ती ज्याची त्याने पाहायची. ढिगाचा वरचा थर उन्हाने सुकलेला असतो, म्हणून नाना हात कोपरापर्यंत आत घालून नमुना काढत. पोते असेल तर परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, मधोमध आणि तळाशी, अशी दोनदा खुपसत. दाणा दाताखाली धरायचा. कट्‌कन फुटला तर माल वाळलेला, चपटा झाला तर ओला. यंत्र आल्यावर यंत्रही वापरले, पण आधी दात. एरवी कमी बोलणारा माणूस, लिलावात मात्र मोठ्याने म्हणायचा, "पाणी तुरीच्या भावानं काहून घ्याचं?"

दुसरी नजर भुंग्यावर. तुरीचा भुंगा गोदामात जन्मतो असा समज आहे. प्रत्यक्षात मादी शेतातच पक्व शेंगांवर अंडी घालते आणि अळी दाण्याच्या आत बसून बाजारात येते. दाण्यावर बारीक पांढरे ठिपके दिसले की ती अंडी. भोक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण भोक हे भुंगा बाहेर पडल्याची खूण. असा माल नाना घेत नसत. घ्यावाच लागला तर वेगळ्या थप्पीला लावून सर्वांत आधी दळायला काढत.

तूर ही डाळ करायला सर्वांत हट्टी. हरभऱ्याचे टरफल सहज सुटते. तुरीत टरफल आणि डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा थर असतो आणि तो सैल केल्याशिवाय काही होत नाही. आधी चाळणीवर माती, खडे, काडी काढायची आणि दाण्याची आकाराप्रमाणे प्रतवारी करायची. ही प्रतवारी टाळली की पुढे सगळे बिघडते: रोलर आणि जाळी यांतली फट मोठ्या दाण्याला बेताची ठेवली तर बारीक दाणा न सोलता निघून जातो, बारीक दाण्याला बेताची ठेवली तर मोठा दाणा घासून त्याची पावडर होते. मग एमरीच्या, म्हणजे खरखरीत दगडी लेपाच्या, रोलरवरून माल एकदा हलका काढून टरफलावर ओरखडे पाडायचे. त्यावर तेल, क्विंटलला एक किलोच्या आतबाहेर, पूर्वी बहुधा जवसाचे. तेल आत मुरायला रात्रभर ढीग. सकाळी पटांगणात पसरायचे, संध्याकाळी दोन-चार टक्के पाणी मारून पुन्हा ढीग लावून झाकायचे. दिवसा सुकायचे आणि रात्री दमट राहायचे, असे दोन-तीन दिवस झाले की टरफल आणि डाळ वेगवेगळ्या मापाने फुगतात-आकसतात आणि मधला थर सुटतो. त्यानंतर रोलर. एका फेरीत जेमतेम निम्मा माल सोलला जातो. उरलेला परत तेल-पाणी, परत ऊन, परत रोलर. एकाच फेरीत सगळे उरकायला रोलर आवळणारे पुष्कळ. त्यांची डाळ कडेने झिजलेली असते आणि चुनीची, म्हणजे डाळीच्या भुकटीची, पोती डाळीशी स्पर्धा करत असतात.

तुरीच्या दाण्यात टरफल १४-१५ टक्के. म्हणजे हिशेबाने १०० किलोत ८५ किलोच्या आसपास डाळ असते. मिलमधून मात्र निघते ७० ते ७५. मधले दहा-पंधरा किलो तुकडा आणि चुनीत जातात, आणि मिल चालवण्याची अक्कल म्हणतात ती या दहा-पंधरा किलोंचीच. नानांच्या वहीत रोज संध्याकाळी पाच आकडे भरले जात: डाळ, तुकडा, चुनी, टरफल, माती-कचरा. बेरीज आणि सकाळचे वजन यांतला फरक ओलाव्याच्या हिशेबात बसला तर ठीक. न बसला तर त्याच दिवशी कारण शोधायचे. एमरी गुळगुळीत झाली आहे, चाळणीला भोक पडले आहे, काटा चुकतो आहे किंवा माल चोरीला जातो आहे, यांपैकी काहीतरी असतेच. दुसऱ्या दिवशी कारण सापडत नाही, कारण तोवर माल मिसळलेला असतो.

एवढे सगळे झाल्यावरही लॉट पास करण्याचा अधिकार नानांकडे नव्हता. तो काकूंकडे, म्हणजे त्यांच्या पत्नीकडे होता. दुपारी एक वाजता नाना घरी जेवायला जात ते नमुन्याची पुडी घेऊन. कुकरमध्ये दोन वाट्या: एकीत नवी डाळ ५० ग्रॅम, दुसरीत आधीच्या लॉटची तेवढीच, दोन्हींत पाणी सारखे मोजून. न भिजवता, मीठ-हळद न घालता. पाणी घरच्या नळाचे, मिलच्या बोअरचे नाही. बोअरचे पाणी जड असते आणि जड पाण्यातले कॅल्शियम डाळ शिजू देत नाही, त्यामुळे चांगल्या डाळीवरही खापर फुटते. चमच्याने दाबल्यावर मधे कण लागला तर तूर जुनी किंवा जास्त तापलेली. वर तेलाचा तवंग आला तर तेल जास्त. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पटांगणात माल गरजेपेक्षा जास्त वाळतो, ठिसूळ होतो आणि तुकडा वाढतो, हे वहीत दिसायच्या आधी काकूंच्या वाटीत दिसायचे. दुपारच्या जेवणात त्या निकाल सांगत आणि नाना मुनीमजींना फोन करत. एरवी जेवताना फोन बंद. गिऱ्हाईक मुंबईचे असो की चेन्नईचे, दीडनंतर बोलायचे.

पॉलिशचा प्रश्न असाच सुटला. बाजारात चमकदार डाळीला भाव जास्त मिळू लागला, तेव्हा मुलांनीही आग्रह धरला. पॉलिश म्हणजे पाणी-तेल लावून डाळ घासणे. चमक येते, पण वरचा थर जातो आणि वजनही. काकूंनी दोन्ही डाळींचे वरण एका पंगतीला वाढले. कोणते कोणते हे कोणालाही ओळखता आले नाही. नानांनी पॉलिश न केलेली डाळच पुढे चालू ठेवली. दर किलोमागे थोडे सोडावे लागले.

भेसळीबाबत मात्र ते कठोर होते. पूर्व विदर्भात लाखोळी पिकते. तिची डाळ तुरीसारखीच पिवळी, पण दाणा गोलसर नसून कोनदार, पाचरीसारखा. जास्त प्रमाणात, महिनोन्‌महिने खाल्ली तर पायांतले बळ जाते, म्हणून १९६१ साली केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी घातली. तुरीत ती मिसळण्याचा मोह बाजारात होताच. दुकानाच्या खणात हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली असे, ती रंगासाठी: डाळ पाण्यात खळबळून त्या पाण्यात काही थेंब टाकले आणि पाणी जांभळट गुलाबी झाले की मेटॅनिल यलो हा खाण्यास अयोग्य पिवळा रंग लावलेला आहे. बाहेरून विकत घेतलेली प्रत्येक डाळ या बाटलीपुढून जायची. शाळेच्या प्रयोगशाळेलाही त्यांनी हा प्रयोग लावून दिला.

आता पैशांकडे. मिलवाले बुडतात ते बहुधा दळण्यात नाही, साठ्यात. बँक मालाच्या तारणावर उचल देते, पण मालाच्या किमतीतून उधारीची देणी वजा करते आणि उरलेल्यावर साधारण २५ टक्के मार्जिन ठेवते. माल १ कोटीचा, देणी २० लाख. उरले ८० लाख, उचल मिळते ६० लाख. भाव एक तृतीयांश पडला की तोच माल ६६.७ लाखांचा. देणी तेवढीच. उचलीची मर्यादा ३५ लाखांवर येते आणि बँक २५ लाख परत मागते, नेमक्या त्याच महिन्यात जेव्हा माल विकला जात नसतो. तेव्हा मिलवाला घराचे कागद घेऊन बँकेत जातो.

नानांनी महालातले घर कधीच तारण ठेवले नाही. व्यवसायात शिरतानाच काकूंना दिलेला शब्द होता तो. त्यामुळे त्यांची मर्यादा लहान राहिली, मिल लहान राहिली. शेजारच्यांनी रंग ओळखून खराब दाणा उडवणारे सॉर्टेक्स यंत्र बसवले, त्यानंतर कितीतरी वर्षांनी नानांकडे आले, आणि तोवर मोठ्या पॅकिंगवाल्यांची काही गिऱ्हाइके हातची गेली. हा तोटा खरा होता आणि त्यात त्यांचा हेकाही होता. पण २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किरकोळीत २०० रुपये किलोच्या घरात गेली, सरकारने साठामर्यादा लावली, छापे पडू लागले, तेव्हा त्यांच्या गोदामात जेवढे दळता येईल तेवढेच होते. एक हंगाम सोडून पुढच्या हंगामात विक्रमी पीक आले. २०१६-१७ ला हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल आणि बाजारभाव त्याच्याही खाली. चढत्या भावाने साठा करून बसलेल्यांना वर सांगितलेले गणित त्या वर्षी भरावे लागले. त्या काळात मिलवाल्यांच्या बैठका नानांच्या दुकानात होत. उधारीची साखळी तुटू नये म्हणून सगळ्यांनी एकमेकांची देणी हप्त्यांत घ्यावीत, असे त्यांनी ठरवून घेतले आणि पहिला हप्ता स्वतःला येणे असलेल्या रकमेवर लावून घेतला.

घरखर्चाला महिन्याची ठरलेली उचल. गल्ल्यातून घरासाठी दहा रुपयेही निघत नसत. लग्नकार्य असले तर उचल आधीच्या वर्षापासून वाढवून बाजूला ठेवायची. पावसाळ्यात ऊन नसते, मिल निम्म्यावर येते, तेव्हा रोलरला नवी एमरी चढवायची कामे आणि मुलाबाळांचा वेळ, दोन्ही त्या महिन्यांत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला आणि तान्ह्या पोळ्याला, दुकान बंद. नातवंडांचे लाकडी बैल सजवायचे काम नाना कोणाला देत नसत.

भागीदारीपत्र हा त्यांचा सर्वांत दूरदर्शी कागद. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर एक भागीदार वारल्यावर पेढी विसर्जित होते. चालू पेढ्या इथेच अडकतात: बँक खाते थांबवते, माल रस्त्यात असतो, वारसांत बोलणे बंद होते. नानांनी तीन कलमे घातली. कोणीही वारले तरी उरलेल्यांनी पेढी चालू ठेवायची. गेलेल्याच्या हिश्शाचे मूल्य त्या दिवशीच्या साठ्याच्या बाजारभावाने धरायचे. ते पैसे वारसांना हप्त्यांत द्यायचे, म्हणजे मिल विकावी लागू नये. मुलगी दोघा भावांइतकीच भागीदार होती, तेही २००५ च्या वारसा दुरुस्तीच्या आधीपासून. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार, दोघेही वयाने लहान, कारण समवयस्क साक्षीदार आपल्याआधी गेले तर कागद सिद्ध करायला अडचण होते. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो फक्त पैसे ताब्यात घेणारा, हे त्यांनी मुलांना बसवून समजावले होते.

हमालांच्या पाठीवरचे १०० किलोचे पोते त्यांनी बाजाराच्या आधी ५० वर आणले. १९६९ च्या माथाडी (हमाल) कायद्याखालची लेव्ही, म्हणजे हमालांच्या मजुरीवर भरायची वर्गणी, माथाडी मंडळात वेळेवर जायची. आणि रिकाम्या बारदान्याच्या विक्रीचे पैसे शाळेच्या वाचनालयाला. अट एकच, कोणती पुस्तके घेतली त्याची यादी मार्चअखेर दुकानावर पोचली पाहिजे. नाना गेल्यावर पेढी एक दिवसही थांबली नाही. मिलची रोजची वही आता मुलगी भरते, आणि यंदाच्या यादीसाठी तिचा शाळेला दोनदा फोन येऊन गेला आहे.