पोलंडमध्ये पडलेलं क्षेपणास्त्र आणि आमची रात्रपाळी

युद्धाचे व्हिडिओ तपासते म्हटलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. फार भयंकर बघावं लागतं का, आणि त्यातले खोटे किती असतात? दुसऱ्याचं उत्तर ऐकून त्यांचा हिरमोड होतो. धादांत खोटा व्हिडिओ, म्हणजे गेममधलं विमान पाडून ते किव्हवरचं म्हणून खपवलेला वगैरे, दहा मिनिटांत निकालात निघतो. वेळ खातात ते खरे व्हिडिओ. खरा, पण गेल्या महिन्यातला. खरा, पण दुसऱ्याच शहरातला. नाहीतर जागा आणि तारीख दोन्ही बरोबर, पण खालची ओळ कुणीतरी आपल्या सोयीने लिहिलेली.

युक्रेनच्या युद्धात हे काम आम्ही बातम्यांच्या डेस्कवर बसून एकट्याने करत नाही, कुणालाच करता येत नाही. जगभर विखुरलेल्या हौशी लोकांचे गट आहेत, त्यातल्या एकात मी पहिल्या महिन्यापासून आहे. ही माणसं कोण आहेत हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. विजेच्या खांबावरून देश ओळखणारा एक विद्यार्थी आहे. तोफखान्यातून निवृत्त झालेला एक फिनिश गृहस्थ आहे, तो खड्ड्याचा आकार बघून दिशा सांगतो आणि कुणी घाई केली की तुसडेपणाने बोलतो. पोलिश आणि युक्रेनी दोन्ही वाचणारी एक बाई आहे. आणि खार्किव्हचा एक इंजिनिअर आहे, जो सकाळी कामावर जाताना रात्री पडलेल्या तुकड्यांचे फोटो काढतो, शेजारी मोजपट्टी ठेवून. पगार कुणालाच नाही. आमच्या क्षेत्रातल्या पगारी माणसांपेक्षा यांची शिस्त जास्त आहे, हे मी ऑफिसातही बोलून दाखवलं आहे, आणि ते कुणाला आवडलेलं नाही.

15 नोव्हेंबर 2022 चा दिवस मुळातच जड होता. चार दिवसांपूर्वी रशियन सैन्य खेरसोन शहर सोडून गेलं होतं, बालीत जी-20 परिषद भरली होती, आणि त्या दुपारी रशियाने युक्रेनच्या वीजयंत्रणेवर 90 हून अधिक क्षेपणास्त्रं सोडली. पश्चिम युक्रेनमधल्या ल्विव्ह शहराची वीज गेली. आम्ही आपले नेहमीप्रमाणे एकेक व्हिडिओ नकाशावर टाकत होतो. आमच्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेल्यावर पोलिश वाचणाऱ्या बाईने एक ओळ टाकली: सीमेलगतच्या प्शेवोदूव गावात स्फोट, दोन माणसं गेली, पोलिश रेडिओ म्हणतंय. सोबत एक फोटो होता. खड्डा, उलटलेला ट्रेलर, मागे शेतीच्या आवारातल्या इमारती.

पोलंडमधलं हे गाव युक्रेनच्या सीमेपासून सहा-सात किलोमीटरवर आहे. म्हणजे नाटो देशाच्या हद्दीत.

फोटो नक्की तिथलाच का, हे ठरवायला आम्हाला फार वेळ लागला नाही. इमारतींचा कोन, छपरांची मांडणी आणि झाडांची रांग उपग्रहचित्राशी जुळली. वेळ ठरवणं अवघड गेलं. एरवी सावलीच्या लांबीवरून वेळ काढता येते. पण स्फोट सांगत होते स्थानिक वेळेनुसार दुपारी 3:40 चा, आणि पोलंडच्या पूर्व टोकाला नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य त्याच सुमारास मावळतो. फोटोत सावली म्हणावी असं काही नव्हतं. टेलिग्रामवरून फिरून आलेल्या फोटोत कॅमेऱ्याची मूळ माहितीही उरत नाही. शेवटी उलट बाजूने सिद्ध केलं: त्याआधी हा फोटो इंटरनेटवर कुठेच नाही, आणि वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या जागी उभं राहून काढलेल्या फोटोंत तोच खड्डा, तोच ट्रेलर. असल्या कंटाळवाण्या खटाटोपाबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही, पण तो केल्याशिवाय पुढच्या एकाही वाक्याला अर्थ नसतो.

मध्यरात्रीच्या सुमारास एका मोठ्या अमेरिकी वृत्तसंस्थेचा अलर्ट आला. अमेरिकेच्या एका वरिष्ठ गुप्तचर अधिकाऱ्याच्या हवाल्याने, नाव न देता: रशियन क्षेपणास्त्रं पोलंडमध्ये पडली, दोन ठार. त्यानंतर जे झालं ते सगळ्यांनी पाहिलंच असेल. ‘कलम पाच’ हे शब्द प्रत्येक पडद्यावर. एका सदस्यावरचा हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला मानणारं नाटोचं ते कलम आजवर एकदाच वापरलं गेलं आहे, 11 सप्टेंबर 2001 नंतर. सल्लामसलतीचं कलम चार आधी येतं, हे सांगायला कुणाला सवड नव्हती. तिसरं महायुद्ध सुरू झालं असं लिहिणाऱ्यांच्या सुरात मला भीती कमी आणि उत्साहच जास्त दिसला.

“अगं, सगळ्यांनी चालवलंय. आपली बातमीची पट्टी अजून ‘स्फोट’ म्हणतेय,” शिफ्टचे प्रमुख म्हणाले.

“सर, एकच खड्डा दिसतोय. ते ‘क्षेपणास्त्रं’ म्हणतायत.”

“मग एकच म्हण. रशियन म्हण ना पण!”

“कुणाचं ते माहीत नाही, सर.”

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी समजू शकते. पोलंडवर क्षेपणास्त्र दुसरं कोण टाकणार? साध्या तर्काने उत्तर एकच निघत होतं. आमच्या कामातला सगळ्यात महागडा तर्क हाच असतो. सरांच्या बाजूने एक सांगायला हवं, त्यांनी माझ्या डोक्यावरून बातमी चालवली नाही. पट्टीवर ‘कारण अस्पष्ट’ राहिलं, आणि वरून फोन येत राहिले ते त्यांनीच घेतले.

मग तुकड्यांचे फोटो आले. वाकलेला, फाटलेला धातू. बघणाऱ्याला भंगार. पण त्या वर्षी आमच्याकडे अशा भंगाराची मोठी वर्गवारी तयार झाली होती, आणि ती बऱ्याच अंशी खार्किव्हच्या त्या इंजिनिअरच्या मोजपट्टीवर उभी होती. त्या दिवशी रशियाने सोडलेल्या क्रूझ क्षेपणास्त्रांत, उदाहरणार्थ ख-101 मध्ये, पंख असतात, छोटं जेट इंजिन असतं. त्यांचे अवशेष वेगळे पडतात. हा तुकडा एस-300 या हवाई संरक्षण यंत्रणेच्या क्षेपणास्त्राशी जुळत होता, 5व्ही55 या मालिकेतल्या. सोव्हिएत काळातलं, सुमारे सात मीटर लांब, अर्धा मीटर जाड, पोटात 130 किलोच्या आसपास वजनाचं स्फोटकाग्र. ते विमानं आणि क्षेपणास्त्रं पाडायला बनवलेलं आहे. लक्ष्य चुकलं तर त्याने हवेतच स्वतःला नष्ट करायचं असतं. प्रत्येक वेळी ते होत नाही.

फिनिश गृहस्थाने तुलनेचे फोटो शेजारी शेजारी लावून एकच शब्द लिहिला: “जुळतंय.” त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

इथून गट फाटला.

एस-300 दोन्हीकडे आहेत. युक्रेन ती आपलं आकाश राखायला वापरतं. रशियाने मात्र त्या वर्षी ती जमिनीवरच्या लक्ष्यांवरही डागली होती, खार्किव्ह, मिकोलाइव्ह, झापोरिझ्झिया इथे. त्यामुळे “एस-300 म्हणजे युक्रेन” हे वाक्य चूकच, आणि हे सांगणारे अगदी बरोबर होते. हाच मुद्दा आम्ही सगळ्यांनी एप्रिलमध्ये मांडला होता, क्रामातोर्स्कच्या रेल्वे स्थानकावर तोच्का-यू क्षेपणास्त्र पडून गाड्यांची वाट पाहणारी डझनावारी माणसं मेली तेव्हा. ‘तोच्का-यू फक्त युक्रेन वापरतं’ असा रशियाचा दावा होता. त्याआधीच्या आठवड्यांतले, बेलारूसमधून जाणाऱ्या तोच्का-यू च्या गाड्यांचे, त्यावर ‘व्ही’ ही रशियन सैन्याची खूण रंगवलेले व्हिडिओ काढून आम्ही तो खोडला होता. शस्त्र ओळखलं म्हणजे डागणारा ओळखला असं होत नाही. हा धडा आमचाच.

पण एप्रिलमध्ये आम्ही तिथे थांबलो नव्हतो, पुढचं सगळं खणलं होतं. त्या रात्री निम्म्या लोकांना तिथेच थांबायचं होतं. मी पल्ल्याचा मुद्दा टाकला. या मालिकेतल्या जुन्या क्षेपणास्त्राचा पल्ला 47 किलोमीटर, नंतरच्याचा 75 च्या आसपास. जमिनीवर मारताना तो काहीसा ताणता येतो. प्शेवोदूवपासून बेलारूसची सीमाच शंभर किलोमीटरहून दूर, आणि रशियाच्या ताब्यातला युक्रेनचा भाग तर कित्येक शे किलोमीटर. उलट ल्विव्ह 70 किलोमीटरवर, आणि तिथे त्या दुपारी येणारी क्षेपणास्त्रं पाडण्याची धडपड चालू होती. उत्तर कुठे बोट दाखवतंय हे दिसत होतं. तरीही मूळ फोटोंची पुन्हा पुन्हा तपासणी मागितली जाऊ लागली. एरवी दोन जुळणाऱ्या खुणांवर ‘पक्कं’ लिहिणारी माणसं पाचवी खूण मागू लागली. आणि नेहमी गप्प राहून रशियाची बाजू उचलणारे दोन-तीन हँडल अचानक पुराव्याच्या पावित्र्यावर बोलायला लागले, ते सगळ्यात चीड आणणारं होतं. त्यांच्या बाजूला उभं असल्यासारखं वाटत होतं आणि गणित तर तेच सांगत होतं.

पहाटे पोलंडच्या परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन आलं: रशियन बनावटीचं क्षेपणास्त्र. बऱ्याच ठिकाणी मथळ्यात ‘बनावटीचं’ गळून पडलं. ऑफिसातही कुणीतरी ओरडलं, “बघ, रशियनच!” सकाळी बालीत जी-7 आणि नाटो देशांचे नेते तातडीने जमले, आणि बायडेन म्हणाले की मार्ग पाहता ते रशियातून डागलं असण्याची शक्यता कमी. दुपारनंतर पोलंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दूदा आणि नाटोचे तेव्हाचे सरचिटणीस स्टोल्टेनबर्ग दोघेही बोलले: बहुधा युक्रेनच्या हवाई संरक्षणाचं क्षेपणास्त्र, आणि दोष युक्रेनचा नाही, कारण हल्ला रशियाचा होता. झेलेन्स्की मात्र ते आमचं नव्हतंच असं म्हणाले, आणि नंतर, शंभर टक्के काय झालं ते माहीत नाही, इथवर आले. ती पहिली अमेरिकी बातमी मागे घेतली गेली.

ऑफिसात माझं कौतुक झालं. पुढच्या बैठकीत ती पट्टी उदाहरण म्हणून दाखवली. दाखवणारे तेच होते ज्यांचे रात्री फोन येत होते.

पण मी हे लिहायला बसले त्याचं कारण खार्किव्हचा इंजिनिअर आहे. वादात तो रात्रभर नव्हता. त्याच्याकडे वीज नव्हती. सकाळी आला, सगळं वाचलं, आणि लिहिलं, “तुकडा एस-300 चाच आहे. मी रोज बघतो, मला विचारायचं होतं.” त्यावर वाद मिटायला हवा होता, आणि जवळजवळ मिटलाही. मग त्याने आणखी एक लिहिलं. सीमेपलीकडच्या रशियन बेल्गोरोदकडून येणारी हीच क्षेपणास्त्रं माझ्या शहरावर पडतात, मिनिटाभरात, सायरनच्या आधी. त्यांच्यासाठी या गटात रात्रभर जागं कधी कोण राहिलंय?

कुणीतरी लगेच समजावलं की पोलंडचा प्रश्न वेगळा, त्यातून अण्वस्त्रधारी देशांचं युद्ध पेटू शकतं. हे खरंच आहे. तोही ते नाकारत नव्हता. मला पुराव्याबद्दलच्या प्रत्येक आक्षेपाला उत्तर देता आलं होतं, या प्रश्नाला आमच्या पद्धतीत जागाच नाही. आमच्या तक्त्यात प्शेवोदूवच्या नोंदीला फोटो, नकाशे, पल्ल्याची वर्तुळं, पानभर चर्चा जोडलेली आहे. खार्किव्हच्या बहुतेक नोंदी एकेका ओळीच्या आहेत: तारीख, ठिकाण, एस-300, पक्कं. पक्कं लगेच होतं कारण वाद घालायला कुणी नसतं. आणि त्या पानभर चर्चेतही धान्य सुकवायच्या आवारात कामाला असलेल्या त्या दोन पुरुषांबद्दल, साठीच्या आसपासच्या, एकही ओळ नाही.

पुढच्या वर्षी पोलिश तपासातूनही क्षेपणास्त्र युक्रेनचंच असल्याचं बाहेर आलं. त्याच वर्षी सप्टेंबरात पूर्व युक्रेनमधल्या कोस्त्यान्तिनिव्काच्या बाजारात स्फोट होऊन पंधराहून अधिक माणसं गेली, आणि ते भरकटलेलं युक्रेनी हवाई संरक्षणाचं ‘बुक’ क्षेपणास्त्र असावं असं एका अमेरिकी दैनिकाच्या शोधातून पुढे आलं, तेव्हा गट पुन्हा त्याच रेषेवर फाटला. जवळपास तेच लोक, त्याच जागा. इंजिनिअर अजून आहे, फोटो टाकतो, त्या विषयावर परत बोललेला नाही.

मधल्या एका आठवड्यात मी त्याच्या फोटोंवरून खार्किव्हची एक बातमी उभी केली. चार हल्ले, चारही ठिकाणं नकाशावर बसवलेली, सगळे तुकडे ओळखलेले. माझ्या मते प्शेवोदूवपेक्षा काम चोख होतं. सरांनी पूर्ण वाचली, हे त्यांचं वैशिष्ट्य आहे.

“चांगली केलीयस,” म्हणाले, “पण यात नवीन काय?”

रविवारी ती तीन ओळींत गेली, नकाशा न देता.