फुगलेल्या चांदण्या

सुट्टीतल्या हस्तकलेच्या वर्गात एक मुलगा डबाभर चांदण्या घेऊन आला. मैदा आणि मीठ मळून घरी केलेल्या. सगळ्यांची पोटं फुगलेली, कडा तपकिरी. "ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं," म्हणताना रडवेला झाला होता.

एक चांदणी मोडून पाहिली. वर कडक पापुद्रा, त्याखाली पोकळी आणि तळाशी अजून ओला, चिकट थर. 2 वाट्या मैदा, 1 वाटी बारीक मीठ, थोडं थोडं करत पाऊण वाटी पाणी. प्रमाण अगदी बरोबर होतं. पण चांदण्या बोटभर जाड होत्या आणि लवकर व्हाव्यात म्हणून घरच्यांनी ओव्हन 180 अंशांवर ठेवला होता. एवढ्या आचेवर वरचा थर आधी कडक होतो, आतल्या पाण्याची वाफ कोंडते आणि तोच थर वर उचलते. खरं तर ओव्हनमध्ये त्या फक्त वाळवायच्या असतात. 120 अंश पुरतात, वेळ मात्र दोन-अडीच तास द्यावा लागतो, आणि मध्ये एकदा उलटावं लागतं.

सगळ्यांना पुन्हा गोळा मळायला दिला. आठ-दहा मिनिटं मळल्याशिवाय तो गुळगुळीत होत नाही, आणि मुलं नेमकी इथेच कंटाळतात. मग लाटताना कडांना भेगा पडतात. मीठ जाडं असेल तरीही कडा फाटतात. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पेन्सिल आडवी ठेवली, की लाटणं पेन्सिलीवरच टेकतं आणि जाडी सगळीकडे सारखी येते. मुलांना ही युक्ती फार आवडते. दोऱ्यासाठीचं भोक स्ट्रॉने, कडेपासून सेंटिमीटरभर आत पाडायचं. अगदी कडेला पाडलं तर टांगताना तुटतं.

वाळली की नाही हे नखाने टिचकी मारून कळतं. आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर परत आत. रंग पूर्ण गार झाल्यावरच, आणि तोही ॲक्रिलिक. जलरंगातल्या पाण्याने वरचं मीठ विरघळून पृष्ठभाग पुन्हा चिकट होतो. दमट हवेत मीठ ओल ओढतं, म्हणून दोन्ही बाजूंना आणि भोकाच्या आतही वॉर्निश लावावं.

घरात कुत्रा असेल तर चांदण्या उंचावर टांगा. इतकं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.