मंजुरीच्या वाटेवर अडकलेला आमचा अभ्यास : एथिक्स कमिटीचा माझा अनुभव

बाळंतपणानंतर अति रक्तस्राव होऊ लागला तर काय करायचे, हे प्रसूती कक्षातल्या प्रत्येक सिस्टरला तोंडपाठ असते. प्रत्यक्ष प्रसंगी मात्र हाक कोणी मारायची, इंजेक्शन कोणी आणायचे आणि रक्त किती गेले हे मोठ्याने कोणी सांगायचे, यातच मोलाची मिनिटे निघून जातात. ही मिनिटे वाचावीत म्हणून प्रसूती कक्षातच, तिथल्याच कर्मचाऱ्यांना घेऊन, पुतळ्यावर सराव करावा आणि त्याने कामात काय फरक पडतो ते मोजावे, असा अभ्यास आम्ही हाती घेतला. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. सहसंशोधक म्हणून एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक भूलतज्ज्ञ आणि एक संख्याशास्त्रज्ञ बरोबर होते आणि रुग्णालये तीन होती. आराखडा, निधी, पुतळा या गोष्टी वेळेवर झाल्या. दोन रुग्णालयांच्या एथिक्स कमिट्यांनी, म्हणजे संशोधनात सहभागी होणाऱ्यांचे हक्क जपले जातात ना हे तपासणाऱ्या समित्यांनी, मंजुरीही दिली. तिसरीकडे मात्र आमची फाइल अशी अडकली की त्याचा त्रागा अजून पुरता गेलेला नाही.

नुसते प्रशिक्षण म्हणून केले असते तर मंजुरीच लागली नसती, मग मोजमापाचा खटाटोप कशाला, असे अनेकांनी विचारले. मला तो खटाटोप आवश्यक वाटतो. उत्तर प्रदेशातील 120 आरोग्य केंद्रांत जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित प्रसूती तपासणी सूचीचा मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षकांच्या मदतीने परिचारिकांचे काम स्पष्टपणे सुधारले, प्रशिक्षकांच्या भेटी थांबल्यावर ती सुधारणा काहीशी ओसरली, आणि माता व नवजात बालकांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. इतक्या निष्ठेने केलेल्या कामाचे फळ मोजल्याशिवाय कळले नसते. मोजायचे म्हटले की काम करणारी सिस्टर ही अभ्यासातील सहभागी व्यक्ती ठरते, आणि तिच्या हक्कांची राखण करायला कमिटी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझी तक्रार कमिटीच्या अस्तित्वाबद्दल नाही, तिच्या कारभाराबद्दल आहे. अर्ज दिल्यावर पहिली बैठक ठरली आणि रद्द झाली. संस्थेबाहेरचा एकही सदस्य न आल्यामुळे कोरम (बैठकीसाठी लागणारी किमान उपस्थिती) भरला नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोरमसाठी किमान पाच सदस्य लागतात आणि त्यांत बाहेरचा एक तरी असावा लागतो. त्याशिवाय घेतलेला निर्णय ग्राह्य धरला जात नाही. नियम योग्यच आहे. पण बैठक झाली नाही हे आम्हाला कोणी कळवले नाही, मी स्वतः फोन केला तेव्हा समजले. (अर्जावर आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्या, पुढच्या प्रत्येक फोनला पहिला प्रश्न त्याचाच असतो.)

त्यानंतर आक्षेप येऊ लागले, आणि तेही एकेक करून. आधी मराठी संमतिपत्राच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक व दिनांक हवा होता. तो घालून दिला. पुढच्या पत्रात विमा प्रमाणपत्र मागितले. औषधांच्या चाचणीत सहभागी व्यक्तीला इजा झाल्यास भरपाई मिळावी म्हणून विम्याची ती अट असते. आमच्याकडे औषध नव्हते, रुग्ण नव्हता, रबराचा पुतळा होता. हे लेखी समजावून दिल्यावर फाइल पुन्हा पुढच्या बैठकीवर गेली. प्रत्येक दुरुस्तीगणिक आवृत्ती बदलायची, बदललेली आवृत्ती उरलेल्या दोन कमिट्यांनाही कळवायची, आणि तोवर प्रशिक्षण दिलेल्या सिस्टरपैकी काहींची दुसऱ्या विभागात बदली झालेली असायची.

सर्वांत मोलाचा प्रश्न अगदी शेवटी आला, आणि तो कमिटीतील सामान्य नागरिक म्हणून बसलेल्या बाईंनी विचारला. इन्चार्ज सिस्टरच सही करा म्हणाली तर हाताखालची मुलगी नाही कशी म्हणेल? हा प्रश्न ऐकून मला खरोखर आनंद झाला. त्यावर आम्ही असे ठरवले की संमती रुग्णालयातील वरिष्ठांनी घ्यायची नाही, बाहेरून आलेल्या सहसंशोधकाने एकेकीला स्वतंत्र भेटून घ्यायची. सराव सर्वांना मिळेल, पण नोंदी संमती देणाऱ्यांच्याच वापरल्या जातील. नोंदींवर नावाऐवजी संकेतांक असेल आणि त्यांतले काहीही कोणाच्या गोपनीय अहवालात जाणार नाही, हे पत्रकात ठळक अक्षरांत छापले जाईल. अभ्यास यामुळे सुधारला. हाच प्रश्न पहिल्या पत्रात आला असता तर पुढचा सगळा वेळ वाचला असता, ही खंत मात्र राहिली.

आता जे उशिरा कळले ते सांगते. कमी जोखमीचा अभ्यास अनेक ठिकाणी होणार असेल तर एका कमिटीला मुख्य मानून सामायिक परीक्षण करून घेण्याची सोय त्याच 2017 च्या तत्त्वांत आहे. ती आपोआप मिळत नाही. पहिल्या अर्जासोबतच लेखी मागावी लागते आणि तिन्ही संस्थांची तयारी असावी लागते. किमान जोखीम असेल तर पूर्ण बैठकीची वाट न पाहता नेमलेल्या सदस्यांकडून त्वरित परीक्षणही मागता येते. त्याआधी कमिटीची आरोग्य संशोधन विभागाकडील नोंदणी चालू आहे ना, हे पाहून घ्यावे. आणि आणखी एक : क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे अशा अभ्यासांच्या देशपातळीवरील नोंदवहीत, नोंद पहिला सहभागी घेण्याआधी करा, कारण 1 एप्रिल 2018 पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

मंजुरी हातात आल्यावर तिथला पहिलाच सराव आम्ही घेतला. पुतळ्यातून लाल पाणी वाहू लागले, एका सिस्टरने गर्भाशय चोळायला घेतले, दुसरी रक्तस्राव थांबवायचे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन आणायला धावली. ते 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते, त्यामुळे ते फ्रिजमध्ये होते. फ्रिजला कुलूप होते आणि किल्ली ओपीडीत गेलेल्या इन्चार्ज सिस्टरच्या खिशात होती. नंतरच्या चर्चेत कोणी कोणाला दोष दिला नाही. दुसरी किल्ली प्रसूती कक्षातच ठेवायची, असे तिथल्या तिथे ठरले. ही अडचण आधीच्या कोणत्याही तपासणीत दिसली नव्हती, आणि मंजुरीला लागलेल्या काळात ती तशीच राहिली होती, हे मला फार लागले.

वार्षिक प्रगती अहवाल आता त्याच कमिटीकडे द्यायचा आहे. त्यासोबतच्या पत्रात मी सदस्य सचिवांना विनंती केली आहे की यापुढे सर्व आक्षेप एकाच पत्रात कळवावेत आणि बैठक रद्द झाल्यास अर्जदारांना त्याच दिवशी ईमेल करावा. उरलेल्या दोन्ही रुग्णालयांच्या सहसंशोधकांनीही त्या पत्रावर सह्या केल्या आहेत.