गल्लीत खेळायचंय? आधी अर्ज करा!

लंडनच्या आमच्या गल्लीत महिन्यातून एका रविवारी मुलं रस्त्यावर खेळतात. त्यासाठी रहिवाशांनी कौन्सिलकडे अर्ज करायचा, घराघरांत चिठ्ठ्या टाकायच्या आणि दोन-तीन तास गाड्या अडवायला दोन्ही टोकांना पिवळी जाकिटं घालून उभं राहायचं. याचं नाव 'प्ले स्ट्रीट'. गिरगावातून आई फोनवर म्हणाली, "खेळायला परवानगी? तुम्हाला घरात बोलावून बोलावून आमचा घसा बसायचा!"

इथे ब्रिटनमध्ये यासाठी १९३८ साली कायदाच झाला होता. पुढे मोटारी वाढल्या आणि त्या गल्ल्या गेल्या. २००९ मध्ये ब्रिस्टलमधल्या शेजारणींनी आपला रस्ता बंद करून बघितला, तेव्हापासून ही टूम परत आली.

गिरगावात आमच्या वाडीच्या चौकात गाडी शिरतच नव्हती. गॅलरीत कुणी ना कुणी तांदूळ निवडत असे. आमच्याकडे मुद्दाम बघत कुणी नसे, पण पडलं की चार घरांतून हाक यायची. डबा ऐसपैसमध्ये शर्टांची अदलाबदल करून ज्याच्यावर राज्य त्याला फसवायचं. तो चिडून "मी नाही जा!" म्हणत जिन्यावर बसायचा, आणि भिडू कमी पडतात म्हणून त्याची मनधरणीही आम्हीच करायचो. चौथीतला, दहावीतला, सगळे एकाच डावात. कुणाचं शेंबडं भावंड असलं तर ते कच्चा लिंबू. त्याला वगळायची सोय नव्हती, कारण मग त्याची ताईही निघून जायची.

आता तिथे टॉवर आहे. खाली गाड्या, वर पोडियमवर रबरी फरशी, घसरगुंडी आणि 'बॉल खेळण्यास सक्त मनाई'. भाचा फुटबॉलच्या कोचिंगला जातो, छान खेळतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. कोचिंगच्या दिवशी तेवढी होत असेलही. पण टीममध्ये सगळे एकाच वयाचे, आणि भांडण झालं की शिट्टी वाजते, निकाल कोच देतो.

'मुंबईत जागाच नाही' हे मला अर्धंच पटतं. २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसारखे रस्ते गाड्यांना बंद ठेवले होतेच की. आणि लंडनमध्ये मोकळा रस्ता मिळूनही मुलं सुरुवातीला आम्हा मोठ्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहतात, काय खेळायचं ते सांगा म्हणून! मागे एकदा लेकीने लगोरी मांडली. चेंडू लागला की नाही यावरून अशी जुंपली की जाकिटातला एक बाबा मिटवायला निघाला. शेजारणीने त्याची बाही धरली. "थांब जरा. त्यांचं ते बघतील."