पहिला गेमिंग पीसी, इंदूर: कार्ड सोडून सगळं जोडलं

ग्राफिक्स कार्ड सोडून बाकी सगळं जोडून झालंय, मशीन चालू आहे, डिस्प्ले येतोय, म्हणून आता निवांत लिहितो की कुठला पार्ट का घेतला. ज्यांचा पहिलाच बिल्ड आहे त्यांना उपयोग होईल, बाकीच्या जाणकारांनी हवं तिथे टोका.

प्रोसेसरला बोर्डाचा (मदरबोर्डचा) सॉकेट जुळतो का, बोर्डाला डीडीआर४ रॅम लागते की डीडीआर५, हे कुठलीही पार्ट जुळवणारी साइट सांगते, त्यात रात्री घालवायची गरज नाही. खरी गोची वेगळीच आहे. पार्ट बसतो, स्क्रूही लागतो, मशीन सुरू होतं, आणि तरी तुम्ही दिलेल्या पैशाचं अर्धंच काम होतं, वर एरर पण येत नाही. माझी लिस्ट मी ह्याच गोष्टीवर गाळत गेलो.

सुरुवात मॉनिटरपासून केली कारण तो आधी घरात आला. २७ इंची, १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेल), १८० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १८० चित्रं. त्याचं एचडीएमआय २.० आहे, ते १४४०पीला १४४ हर्ट्झवर थांबतं, १८० हवे तर डिस्प्लेपोर्टच लावायचं. आणि केबल कार्डात लावायची, बोर्डात नाही, आणि विंडोजमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने बदलायचा, नाहीतर माणूस वर्षभर ६० हर्ट्झवर खेळतो आणि म्हणतो काही फरक जाणवत नाही यार.

ह्या मॉनिटरला ८ जीबी मेमरीचं कार्ड मला नको होतं, म्हणून एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं ठरवलं. प्रोसेसर एएमडीचाच रायझन ५ ७६००. एका दुकानात रायझनचाच ८५००जी घ्या म्हणून मागेच लागले होते, "भिया, ग्राफिक्स अंदर ही है, कार्ड बाद में डाल लेना, सब चलेगा." चालेल ना, नक्की चालेल. पण ८५००जीत ग्राफिक्स स्लॉटला फक्त चार लेन (डेटा जायचे रस्ते) मिळतात आणि माझं कार्ड सोळा लेनचं आहे. बॉक्सवर हे कुठे लिहिलेलं नसतं, स्पेसिफिकेशनच्या पानावर खाली जाऊन बघावं लागतं. ७६०० मध्ये पण छोटं ग्राफिक्स आहेच, गेम खेळण्यापुरतं नाही, पण कार्ड यायच्या आधी मशीन तपासायला मस्त, आत्ता तेच वापरतोय. ज्यांनी आत ग्राफिक्स नसलेला ७५००एफ घेतलाय त्यांना कार्ड हातात येईपर्यंत काळा स्क्रीन बघत बसावं लागतं.

बोर्ड बी६५०, मायक्रो एटीएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा. ९००० सिरीजचा मोह झाला होता पण तो प्रोसेसर ऑगस्ट २०२४ चा आणि बी६५० बोर्ड २०२२ पासूनचे, दुकानातला डबा किती जुना आहे काय माहीत, बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) जुना निघाला तर प्रोसेसर ओळखणारच नाही. तरी मागे फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच बोर्ड घेतला, म्हणजे पुढे कधी प्रोसेसर बदलला तर नुसती पॉवर सप्लाय आणि पेन ड्राइव्ह लावून बायोस अपडेट करता येतो. एएमडीने एएम५ ला, म्हणजे ह्या बोर्डाच्या सॉकेटला, २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देऊ असं म्हटलंय, सो बोर्ड टिकावा.

आता रॅम. ह्यावर सगळ्यात जास्त डोकं गेलं कारण २०२५ च्या शेवटाला भाव असे चढले की बघवेना, सगळ्या चिप एआयवाल्या डेटा सेंटरकडे चालल्या आहेत. आतेभावाचं म्हणणं, आत्ता ८-८ च्या दोन काड्या घे, स्वस्त झाल्या की अजून दोन लाव, बोर्डाला चार स्लॉट आहेतच. ऐकायला बरं वाटतं. पण एएम५ वर चार काड्या लावल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं नाकच दाबलं जातं, ७६०० ला दोन काड्यांवर एएमडीचा वेगाचा अधिकृत आकडा डीडीआर५-५२०० आहे आणि चारवर ३६००. लोक त्याहून जास्तीवर चालवतात, मान्य, पण ती नशिबाची गोष्ट. १६ ची एकच काडी आत्ता आणि एक नंतर, हा दुसरा पर्याय, त्यात तोवर सिंगल चॅनलवर, म्हणजे मेमरीच्या अर्ध्याच रस्त्यावर, रखडायचं आणि नंतर तेच मॉडेल मिळेल ह्याची गॅरंटी नाही. मग सरळ १६-१६ चं किट घेतलं, वेग ६०००, सीएल३० (प्रतिसादाला लागणारा उशीर), एक्सपोवालं (बायोसमधून तो वेग चालू करायची एएमडीची सोय), आणि त्या बदल्यात रंगीबेरंगी लाइटचे पंखे आणि काचेचं महागडं कॅबिनेट कापलं. मला ते लाइट तसेही लग्नाच्या मांडवासारखे वाटतात. काड्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, आणि बायोसमध्ये एक्सपो ऑन केल्याशिवाय ही रॅम ४८०० वरच चालते, ६००० चे पैसे देऊन.

जुन्या लॅपटॉपची एम.२ (काडीसारखी चपटी) एसएसडी पडली होती, बाबा म्हणाले हीच लाव की, नवीन कशाला. स्लॉटमध्ये बसते पण. फक्त ती साटावाली (जुनी, हळू पद्धत) आहे आणि माझ्या बोर्डाचे एम.२ स्लॉट एनव्हीएमईच (नवी, वेगवान पद्धत) घेतात, म्हणजे बसूनही दिसली नसती. नवी १ टीबी घेतली, जुनीला साटा चालणारं एनक्लोजर (यूएसबीवर लावायचा डबा) घेतलं आणि ती बाबांच्या फोटोंना दिली. बाबा खूश.

कूलरचं गणित इथल्या उन्हाळ्याचं आहे. शब-ए-माळवा, माळव्याच्या रात्री सुखद वगैरे सगळं ठीक, पण माझी खोली गच्चीखाली आहे आणि मे महिन्यात बाहेर चाळिशी पार झालेली असते. परदेशी रिव्ह्यूमधला आकडा एसी रूममधला असतो, आपली खोली जितकी जास्त गरम, साधारण तितकेच अंश वर धरायचे. ७६०० ची मर्यादा ९५ अंश, डब्यातला छोटा कूलर मरणार नाही पण ओरडेल. म्हणून १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर. त्यात एक बारकावा, एएम४ (मागच्या पिढीचा सॉकेट) चे जे कूलर बोर्डाचीच मागची प्लेट वापरतात ते एएम५ वर बसतात, ज्यांची स्वतःची प्लेट असते ते नाही, कारण एएम५ ची प्लेट निघतच नाही. कॅबिनेट पुढून जाळीचं, फिल्टर धुता येणारं. स्वच्छतेत इंदूरचा नंबर पहिला असेल, धुळीला ते कोणी कळवलेलं नाही.

कॅबिनेटच्या पुढे टाइप-सी पोर्ट होता तर बोर्डावर त्याचा हेडर (वायर लावायची जागा) आहे का ते आधी बघितलं. स्वस्त बोर्डांवर नसतो, मग तो पोर्ट नुसता शोभेला.

पॉवर सप्लाय ६५० वॉट, गोल्ड (कार्यक्षमतेचा दर्जा). ह्या मशीनला जास्तच आहे, कार्ड १६० वॉटचं, प्रोसेसर फार तर ८८, पण पुढच्या कार्डाची सोय झाली. घरचा जुना ६०० व्हीएचा यूपीएस मात्र बाद, तो ३६० वॉटचा असतो आणि मॉनिटर धरून गेममध्ये आपण तिथेच जाऊन टेकतो. त्यातून साधे यूपीएस साइन वेव्हची नक्कल देतात, काही नवीन पॉवर सप्लायना ती चालत नाही आणि लाइट गेली की मशीन पण जातं. ११०० व्हीए, शुद्ध साइन वेव्ह, हे लिस्टवर आहे.

खरेदी बरीचशी आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला फिरून, काही ऑनलाइन. पक्कं बिल सगळीकडे घेतलं, १८ टक्के जीएसटी टोचतो पण वॉरंटीला तेच लागतं.

जोडताना एकच जागा श्वास रोखायला लावते, प्रोसेसर. एएम५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटात, १७१८. त्रिकोणाची खूण जुळवून चिप नुसती ठेवायची, दाबायची नाही, मग लिव्हर खाली, आणि तिला बऱ्यापैकी जोर लागतो, करकर आवाज येतो, वरचं काळं प्लास्टिक आपोआप टुणकन उडतं. ते फेकू नका, बोर्ड कधी वॉरंटीत पाठवायचा झाला तर त्याच्याशिवाय घेत नाहीत. पहिल्यांदा ऑन केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळाच, बोर्डावर डीरॅमचा दिवा, ते मेमरी ट्रेनिंग असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, बंद-चालू करत बसू नका.

आता कार्ड. कॅबिनेटमध्ये जागा ३२० मिमी लिहिली आहे पण पुढे पंखे लावले की त्यातले २५ गेले. तीन पंख्यांची काही मॉडेल ३०० च्या पुढे जातात, म्हणून दोन पंख्यांवालंच बघतोय. उन्हाळ्यात ते किती गरम आणि किती आवाज करतं हे कोणी आपल्याकडच्या हवेत वापरलं असेल तर मॉडेलच्या नावासकट सांगा.