तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ते सिनेमे तुला कळतात का?’

मिरजेला घरी गेले की हा प्रश्न ठरलेला. शेजारच्या काकू विचारतात, शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, आणि नवल म्हणजे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात पेंटिंगला माझ्याच वर्गात असलेले मित्रही विचारतात: बेंगळुरूपर्यंत जाऊन त्या प्रायोगिक सिनेमांच्या महोत्सवात फुकट राबतेस, ते सिनेमे तरी तुला कळतात का?

फुकटचं आधी उरकते. हो, पैसे मिळत नाहीत. चहा, जेवण आणि गळ्यात अडकवायचं कार्ड मिळतं. ड्यूटी नसेल आणि हॉलमध्ये खुर्ची रिकामी असेल तर बसायला मिळतं. मिरजेतून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली की सकाळी बेंगळुरू. स्लीपरचं तिकीट बाबा काढतात. बाबा शाळेत ड्रॉइंगचे सर आहेत. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला पोरं बसवण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे पोरगी कागदाशी किंवा पडद्याशी काहीतरी करतेय एवढं त्यांना पुरतं.

महोत्सवाचं नाव एक्सपेरिमेंटा. शाय हेरेडिया यांनी तो २००३ साली मुंबईतच सुरू केला, पुढे तो बेंगळुरूला गेला आणि तिथे रुजला. म्हणजे मुंबईत शिकणाऱ्या मुलीला मुंबईत जन्मलेली गोष्ट बघायला कर्नाटकात जावं लागतं. असो.

आता कळण्याबद्दल. काही सिनेमे कळतात, काही कळत नाहीत, आणि काहींमध्ये कळण्याजोगं काही नसतं, ते नुसते असतात. ही वर्गवारी करत बसायची सवय माझी सुटली ती दारावर उभं राहून.

दारावरची ड्यूटी कुणालाच नको असते, कारण तिथे सिनेमा नीट दिसत नाही. मला ती आवडते. छोट्या सिनेमांचा एक कार्यक्रम तासा-सव्वा तासाचा असतो, त्यात सहा-सात सिनेमे एकामागून एक. उशिरा आलेल्याला मध्येच आत सोडायचं नाही, एक संपून दुसरा सुरू होण्याआधीच्या काळोखात सोडायचं. त्यासाठी कुठला सिनेमा किती मिनिटांचा आणि कसा संपतो हे पाठ करावं लागतं. संपण्याचं सोपं नसतं. पडदा पूर्ण काळा झाला, टाळ्या नाहीत, सगळे गप्प, आणि आपण दार उघडलं तर कळतं की तो काळोख सिनेमाचाच भाग होता. म्हणून आधीच्या ट्रायल शोला वही घेऊन बसायचं आणि शेवटची खूण लिहून ठेवायची. ‘लाल भिंत, मग काळं, मग पुन्हा पांढरा ठिपका, मग खरं काळं.’ माझी वही अशा नोंदींनी भरलेली आहे. बाहेरच्या कुणी वाचली तर वैद्याकडे नेतील.

आणि मग बाहेर पडणारे. लोक उठून जातात, बरेच जातात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कधी जातात ते बघण्यासारखं असतं. पडद्यावर झिम्माड काही चाललं असेल, रंग, ओरखडे, कर्कश आवाज, तर सहसा कुणी उठत नाही. एकच खिडकी आणि तिच्यातला बदलत जाणारा उजेड एवढंच दाखवणारा सिनेमा असेल तर चौथ्या-पाचव्या मिनिटाला पहिली खुर्ची कुरकुरते. मग दहाव्या मिनिटापर्यंत तीन-चार जण जातात. त्यानंतर कुणीच जात नाही. जे उरले ते शेवटपर्यंत उरतात, आणि बाहेर आल्यावर चहाच्या रांगेत तेच सगळ्यात जास्त बोलतात. त्यांना कंटाळा आला नव्हता असं नाही. कंटाळा येऊन गेला होता. मी स्वतः तो खिडकीवाला सिनेमा पहिल्यांदा दाराच्या फटीतून पाहिला आणि मनात म्हटलं, हे काय. दुसऱ्या दिवशी पुन्हा होता, तेव्हा ड्यूटी नव्हती. बसले. उजेड सरकण्याची गती डोळ्याला सापडली आणि मी एकदम जागी झाले. तोच सिनेमा, तेवढाच लांब.

काही वेळा दारावर सूचना चिकटवायची असते की या सिनेमात प्रकाश वेगाने लपलपतो, अपस्माराचा त्रास असलेल्यांनी बसू नये. ही नुसती औपचारिकता नाही. १९६६ साली टोनी कॉनरॅड या अमेरिकन कलाकाराने ‘द फ्लिकर’ केला, त्यात पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्या चौकटींच्या बदलत्या लयीशिवाय काहीही नाही, आणि सुरुवातीलाच पडद्यावर अशी ताकीद आहे. चौकट, म्हणजे फिल्मवरचं एक-एक चित्र. सेकंदाला चोवीस. आता याचा अर्थ काय, असं त्या दारावर मला विचारणाऱ्या काकांना मी काय सांगणार? डोळ्यांना काय होतं ते बघा, एवढंच. ते आत गेले, बाहेर आले, म्हणाले, ‘मला जांभळा रंग दिसला.’ पडद्यावर कुठलाच रंग नव्हता. मला वाटतं तो माणूस सिनेमा पुरेपूर बघून आला.

जे. जे.ची मुलगी म्हटल्यावर कटर, काळी चिकटपट्टी आणि काळा चार्ट पेपर या खात्याची मी प्रमुख होते. अंधार ही इतकी मेहनतीची वस्तू आहे हे आधी माहीत नव्हतं. पडद्यांच्या फटी पिना लावून बंद करायच्या, लॅपटॉपचा निळा दिवा झाकायचा, दरवाज्याखाली कापडाची सुरळी सारायची. एका कलाकाराला बाहेर जायच्या दाराची हिरवी पाटीही झाकायला हवी होती. ती झाकता येत नाही, आग लागली तर माणसांना दार दिसलं पाहिजे. बराच वेळ वाटाघाटी झाल्या. अखेर पाटी तशीच राहिली आणि त्याने प्रोजेक्टरची जागा बदलली.

प्रोजेक्टर. खरं तर मी याच्यासाठी जाते.

सोळा एमएम रुंदीची फिल्म हातात धरली की सिनेमाची लांबी कळते. शंभर फुटांचं रीळ चोवीसच्या गतीने पावणेतीन मिनिटांत संपतं. चारशे फुटांचं अकरा मिनिटांत. फुटाला चाळीस चौकटी. कॅनव्हास जसा आपण फुटांत मोजतो तसा हा सिनेमा फुटांत मोजता येतो, यानेच मी पहिल्यांदा विरघळले. प्रोजेक्टरच्या गेटवर, म्हणजे दिव्यासमोरच्या खिडकीत, फिल्म सरळ सरकत नाही, एक चौकट थांबते, उजेड पडतो, पात्याने उजेड अडतो, तेवढ्यात पुढची खाली ओढली जाते. ही झटक्याची ओढ सोसावी म्हणून गेटच्या वर आणि खाली फिल्मचा सैल फुगा सोडतात, त्याला लूप म्हणतात. लूप गेला की चित्र पडद्यावर नाचायला लागतं. ऑपरेटर दादा आवाजावरून ओळखायचे. प्रोजेक्टरचा सूर जरासा बदलला की बोलता बोलता त्यांचा हात तिकडे गेलेला असायचा.

एका संध्याकाळी दोन प्रोजेक्टर हॉलच्या मधोमध, प्रेक्षक भोवती जमिनीवर. फिल्मची काही फुटांची माळ करून ती प्रोजेक्टरमधून वर छताजवळच्या आकड्यावरून पुन्हा खाली, अशी गोल फिरत होती. त्यावर आधी फक्त एक हात होता, दार उघडणारा. माळ दर फेऱ्याला धूळ उचलत होती, ओरखडे घेत होती आणि हा प्रयोग करणारी बाई मध्येच बारीक पॉलिश पेपर लावत होती. माझं काम, अंधारात कुणी त्या फिरत्या फिल्मला धडकू नये म्हणून शेजारी उभं राहायचं. अर्ध्या तासाने हात गेला, दार गेलं, फक्त पांढऱ्या रेघांचा पाऊस उरला. इतकी वर्षं स्केचिंग करताना खोडरबराने खोडणं हेही चित्र काढणंच असतं असं मी ऐकत आले होते, त्याचा खराखुरा पुरावा मला त्या दिवशी मिळाला.

सिनेमानंतर प्रश्नोत्तरं होतात. माइक घेऊन पळायचं काम आमचं, त्यामुळे सगळं ऐकायला मिळतं. प्रेक्षकांतून हमखास कुणीतरी अर्थ विचारतं. त्यावर नुसता अर्थ सांगणारे दिग्दर्शक मला सहसा पटले नाहीत, सिनेमापेक्षा भाषण मोठं. पटले ते कृती सांगणारे. एकाने फिल्म ओल्या मातीत पुरून ठेवली होती. फिल्मवरची प्रतिमा जिलेटिनच्या थरांत असते, रंगीत फिल्ममध्ये तीन रंगांचे तीन थर. मातीतले जिवाणू जिलेटिन खातात, थर जागोजाग सुटतात, आणि उरलेल्या रंगांची नक्षी होते. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांपासून करतात, ही माहिती मी आमच्या आजीपासून लपवून ठेवली आहे. अमेरिकेतल्या स्टॅन ब्रॅकेजने तर १९६३ साली कॅमेराच न वापरता पतंगांचे पंख आणि पानंफुलं पारदर्शक पट्ट्यांमध्ये चिकटवून ‘मॉथलाइट’ केला. असं काही ऐकलं की माझा हात शिवशिवतो. अर्थ ऐकून कधी शिवशिवला नाही.

काकूंचं म्हणणं असं की हे परदेशी चोचले आहेत. इथे मात्र मी भांडते. फाळके जे. जे.त शिकले, १८८५ साली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा, पण त्याआधी त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वेल होईपर्यंत महिनाभर थोडं थोडं चित्रीकरण केलं. पडद्यावर ते रोप मिनिटभरात वाढतं. गोष्ट नाही, नट नाही, संवाद नाहीत. हे बघून भांडवलदार पैसे द्यायला तयार झाले! आजच्या महोत्सवात तो सिनेमा दाखवला तर कुणीतरी माइक मागून अर्थ विचारेल.

पुढेही चित्रकारांनी कॅमेरा हातात घेतलाच. हुसेन यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ला १९६७ साली बर्लिनमध्ये लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. तैयब मेहतांनी १९७०मध्ये सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘कूडल’ केला, त्यात वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्यं आहेत. त्यांच्या चित्रांतला पाय बांधलेला, कोसळणारा बैल ज्यांना माहीत आहे त्यांनी तो जरूर बघावा. अकबर पदमसींना नेहरू फेलोशिप मिळाली तेव्हा त्यांनी ते पैसे स्वतःपुरते न ठेवता १९६९मध्ये मुंबईत व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप उभं केलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले एका जागी, कॅमेरा आणि डार्करूम सगळ्यांना खुली. नलिनी मालानी नुकत्याच जे. जे.तून बाहेर पडत होत्या, त्यांनी तिथे ‘ड्रीम हाउसेस’ केला. पदमसींचा स्वतःचा ‘सिझिजी’ अकरा मिनिटांचा, मूक, हजाराच्या आसपास रेखाचित्रांचा, अॅनिमेशन राम मोहन यांचं. नुसत्या रेघा आणि बिंदू. त्यांच्या दुसऱ्या सिनेमाची, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची, एकच प्रत होती आणि ती हरवली. ती पुन्हा सापडली नाही. अशीम अहलुवालियांनी २०१६मध्ये त्या हरवण्यावरच, वृद्ध पदमसींना सोबत घेऊन, त्याच नावाचा सिनेमा केला.

ही सगळी माणसं मला पुस्तकांत चित्रकार म्हणूनच भेटली होती. त्यांनी फिल्म कापली, जोडली, मोजली हे मला बेंगळुरूत दारावर उभं राहताना, माझ्याहून मोठ्या स्वयंसेवकांच्या गप्पांतून कळलं. परत आल्यावर मी माझ्या फायनलच्या कामाचं स्वरूप बदललं. मोठा कॅनव्हास बाजूला ठेवून लांब, अरुंद पट्ट्यांवर काम करतेय.

सगळे सिनेमे थोर असतात असा माझा दावा नाही. निम्मे तरी टाकाऊ असतात. अंधुक चित्र, खरखर आवाज, इंग्रजीत पुटपुटलेली डायरी, हे आता इतकं रुळलंय की त्याला प्रायोगिक म्हणणं म्हणजे गंमत आहे. हलता कॅमेरा हा विचाराला पर्याय नाही. पण टाकाऊ कुठला हे वर्गात ठरवणं आणि भरलेल्या हॉलच्या दारावर उभं राहून ठरवणं यात फरक पडतो. दारावर असताना मला नावडलेल्या एका सिनेमातून एक मुलगी डोळे पुसत बाहेर आली. माझं मत बदललं नाही. तिचंही बदलायचं कारण नव्हतं.

तर, काकू, कळतात का याचं उत्तर हवं असेल तर एक सोय करते. फिल्म्स डिव्हिजनचा ‘अबिद’ नावाचा सिनेमा यूट्यूबवर आहे, १९७२चा, प्रमोद पतींचा, पाचेक मिनिटांचा. ‘ढब्बूजी’ या व्यंगचित्रांवाले आबिद सुरती, तेही जे. जे.चेच, एक खोली रंगवतात. एवढंच. पण माणसाला जराजरासा हलवून एकेक चौकट घेतलीय, त्यामुळे तो चालत नाही, उड्या मारत सरकतो, आणि भिंतींवर रंग आपोआप चढतात. बाबांना मी तो गेल्या सुट्टीत मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोनदा पाहिला. मग पंचांगामागचा पाठकोरा कागद ओढला. पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद, गुणिले चोवीस, सात हजार दोनशे. ‘इतक्या वेळा थांबला असेल तो?’ मी म्हटलं, कधी कधी एका ठेवणीच्या दोन चौकटी घेतात. ‘तरी छत्तीसशे,’ ते म्हणाले, आणि आठवीच्या वर्गात प्रोजेक्टर मिळेल का हे विचारायला मुख्याध्यापकांना फोन लावला.