लदीन आणि चणे

मे महिना लागला की गोव्यात लग्नं, आंबे आणि लदिनी (क्रूसापुढे गायच्या प्रार्थना) यांची एकच झुंबड उडते. पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं असतं. वाड्यावाड्यावरचे, म्हणजे गावातल्या वस्तीवस्तीतले खुरीस (क्रूस) रंगवून पांढरेशुभ्र होतात, त्यांच्यावर अबोलीचे हार चढतात, कुणाच्या तरी खिडकीतून वायर ओढून ट्यूबलाइट लागते, आणि अंधार पडता पडता मेस्त, म्हणजे गाणं पुढे नेणारे संगीतमास्तर, व्हायोलिन काखेत मारून हजर होतात.

माझं माहेर वसईचं, सासर गोव्यातल्या साष्टीतलं. वसईत देवाशी आमचा सगळा व्यवहार मराठीत. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठी, गायनं मराठी, जपमाळ मराठी, मयताला निरोपसुद्धा मराठीतूनच. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा लदिनीला उभी राहिले तेव्हा चाटच पडले. बोटीवरून सुट्टीला आलेले बाप्ये, बाजार उरकून आलेल्या बायका, दहावीचा निकाल लागायच्या धास्तीतली पोरं, सगळे लॅटिनमध्ये गात होते. तेही वेगवेगळ्या आवाजांत, आणि निम्म्यांच्या हातात कागददेखील नव्हता. गंमत बघा, याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, ते मराठीत. वसईकरीण म्हणून मी सासरी हे ऐकवून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं. आता सूर लाव.”

लदीन म्हणजे मरियेच्या नावांची माळ. विष्णुसहस्रनाम ऐकलेल्याला तिची जात लगेच ओळखू येईल, फक्त नावं इथे पन्नासेक. इटलीतल्या लोरेतो गावच्या नावाने ही माळ ओळखली जाते आणि १५८७ साली पोप सिक्स्तुस पाचवे यांनी तिला मान्यता दिली. स्तेल्ला मातुतिना, पहाटेचा तारा. दोमुस आउरेआ, सोन्याचं घर. तुर्रिस एबुर्नेआ, हस्तिदंती मनोरा. मेस्त नाव घेतात आणि मागून सगळा वाडा ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणतो, आमच्यासाठी विनंती कर. तिसऱ्या-चौथ्या नावाला अंगात लय भिनते. मग डास चावला तरी हात उठत नाही. मागच्या रांगेतले बाप्ये खालचा आवाज धरतात. त्यातल्या एकदोघांना मी चर्चच्या आत कधी पाहिलेलं नाही, पण इथे त्यांचा सूर हलत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे लॅटिनवरून चाललेलं भांडण. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. लॅटिन बंद करा, असं तिने कुठेही म्हटलं नव्हतं. पण १९६९ च्या नोव्हेंबरअखेर नवी मिस्सा लागू झाली आणि बघता बघता लॅटिन वेदीवरून उतरली. ज्यांना ते पटलं नाही ते अजूनही पटवून घ्यायला तयार नाहीत. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी जुन्या लॅटिन मिस्सेला दार सताड उघडलं, जुलै २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ते पुन्हा ओढून घेतलं. आता जुन्या पद्धतीने मिस्सा करायची तर बिशपांची परवानगी हवी. अमेरिकेत, फ्रान्समध्ये तिशीच्या आतली पोरं डोक्यावर जाळीचा पदर घेऊन, जाडजूड मिस्साग्रंथ उघडून जुन्या मिस्सेला बसतात. त्यांना हसणारे पुष्कळ आहेत. मला हसू येत नाही. दिवसभर स्क्रीनवर कुणीतरी आपल्याला काहीतरी समजावून सांगत असतं. एखादा तास कुणी काहीच न समजावता नुसतं गुडघ्यावर बसू दिलं, तर माणूस तिथे जाणारच. मात्र ‘तेव्हाची भक्ती खरी होती’ असं ते म्हणू लागले की माझी आजी आठवते. लॅटिन मिस्सा चालू असताना ती बाकावर बसून आपली जपमाळ ओढायची. फादरांची पाठ आणि घंटीचा आवाज, एवढीच तिची मिस्सा. घंटी वाजली की मान वर, ख्रिस्तशरीराचं दर्शन, की पुन्हा मणी. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईला आले तेव्हा ती ओव्हल मैदानापर्यंत जाऊन आली होती. पुढे मिस्सा मराठीत आली. “आता फादर काय म्हणतात ते कळतं,” ती म्हणायची, “आणि कधीकधी वाटतं, नसतं कळलं तरी चाललं असतं.” दोन्ही बाजूंच्या पंडितांनी या वाक्यावर जरूर वाद घालावा.

आता खरी मौज. रोममध्ये ज्या लॅटिनसाठी फर्मानं निघतात, ती आमच्या वाड्यावर कुणाच्या परवानगीशिवाय राजरोस गायली जाते. कारण लदिनीला फादर लागतच नाहीत. आले तर खुर्ची देतात, नाही आले तरी कुणाचं अडत नाही. मिस्सा धर्मसंस्थेच्या हातात, म्हणून ती हुकमाने बदलली. खुरीस वाड्याच्या मालकीचा. त्याचा चुना, त्याची वर्गणी, त्याचं वीजबिल सगळं वाड्याचं. ३ मेचा क्रूसाचा सण रोमच्या पंचांगातून १९६० साली वगळला गेला. वाड्यापर्यंत ती बातमी पोचली असणारच. पण मे महिना तोच, खुरीस तोच, मग सण बंद कसा करायचा?

आणि ही लदीन जशीच्या तशी गोठून राहिली आहे असंही नाही. जून २०२० मध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, पोप फ्रान्सिस यांनी माळेत तीन नवी नावं घातली. त्यातलं एक सोलाचिउम मिग्रान्तिउम, परमुलखी गेलेल्यांचा दिलासा. ज्या वाड्यावर दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी कुवेतला, बोटीवर नाहीतर इंग्लंडातल्या स्विंडनला आहे, तिथे हे नाव कुणाला समजावून द्यावं लागलं नाही. मेस्तांनी आपल्या पिवळ्या पडलेल्या वहीत दोन ओळींच्या फटीत ते निळ्या पेनाने बारीक अक्षरात लिहून घेतलंय. जुन्या चालीत ते नीट बसत नाही. शेवटचं अक्षर ओढावं लागतं आणि व्हायोलिन त्याची वाट बघत थांबतं. तेवढ्यात समोर स्कूटरच्या सीटवर टेकवलेल्या फोनमधून स्विंडनचा ‘ओरा प्रो नोबिस’ एक शब्द उशिरा येतो.

लदीन संपली की चणे. उकडलेले, खोबऱ्याचे तुकडे घातलेले, कागदाच्या पुडीत. बाप्यांच्या हातात पेलाभर फेणी, पोरांना सरबत. काही लोकांना हे फार ऐहिक वाटतं. मला तर वाटतं, चणे नसते तर दहावीची पोरं आली नसती, पोरं नसती तर वरचे आवाज नसते, आणि मग मेस्तांनी एकट्याने किती वर्षं वाजवलं असतं? गेल्या मे महिन्यात एका उत्साही तरुणाने चण्यांऐवजी केटररकडून पॅटिस मागवायची सूचना केली. वर्गणीच्या बैठकीत त्यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी व्हॅटिकन परिषदेतही झाली नसेल. शेवटी पॅटिस मंजूर झाले, चण्यांच्या जोडीला. पुढच्या वर्षी चणे उकडायची पाळी आमच्या घरावर आहे. शिवाय दुसरा आवाज धरणारी आमची शेजारीण मुलाकडे स्विंडनला निघालीय, तेव्हा मेस्तांनी तिच्या जागी मला उभं करायचं ठरवलंय. सूर लागतो. ‘मिग्रान्तिउम’ कुठे ओढायचं, ते मात्र त्यांनी अजून नक्की केलेलं नाही.